समता ‘आहे’ की समता ‘हवी’?

‘इस्लाममध्ये जातिभेद नाही’ हे वाक्य आपल्या देशात तीन निरनिराळ्या व्यासपीठांवरून ऐकू येते. पहिले व्यासपीठ धर्मपंडितांचे. आपल्या धर्माचे श्रेष्ठत्व सांगताना ते हे वाक्य अभिमानाने उच्चारतात. दुसरे व्यासपीठ भारत सरकारचे. मुसलमानांमधील सफाई कामगाराला अनुसूचित जातीचा दाखला नाकारताना सरकारचे वकील हेच वाक्य न्यायालयात मांडतात. तिसरे व्यासपीठ आपले स्वतःचे. हिंदू समाजातील जातिव्यवस्थेवर टीका करताना आपला कार्यकर्ता तुलनेसाठी इस्लामचा दाखला देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तिघांचे हेतू भिन्न आहेत हे उघड आहे. पण वाक्य एकच असल्यामुळे त्याचा परिणामही एकच होतो. ज्या मुसलमानाच्या वाट्याला जात आली आहे, त्याला आपली तक्रार घेऊन जाण्यासाठी दारच उरत नाही.

ह्या वाक्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. धर्मग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार लेखकाला नाही, तशी इच्छाही नाही. परंतु एकाच शिकवणीचा अर्थ समाजाच्या कोणत्या थराने कसा लावला, त्या अर्थामुळे कोणाची मालमत्ता राखली गेली आणि कोणाचे श्रम स्वस्त राहिले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कक्षेत निश्चितपणे येतो.

प्रथम शिकवणीला तिचे श्रेय दिले पाहिजे. सर्व मानव एका स्त्री-पुरुषापासून निर्माण झाले, त्यांचे वंश आणि टोळ्या केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि ईश्वरापाशी श्रेष्ठ तोच जो अधिक धर्मशील, अशा आशयाचे वचन कुराणाच्या ४९ व्या अध्यायात आहे. इ. स. ६३२ मधील अखेरच्या यात्रेतील प्रवचनात पैगंबरांनी अरबाला अरबेतरावर जन्माने श्रेष्ठत्व नाही असे सांगितले, ही गोष्ट मुसलमानांच्या घराघरांत ठाऊक आहे. नमाजाची पहिली बांग देण्याचा मान गुलामीतून मुक्त झालेल्या हबशी बिलाल यांना मिळाला. मुक्त केलेल्या झैद यांचा विवाह पैगंबरांनी आपल्या आतेबहिणीशी, झैनब यांच्याशी लावून दिला. सातव्या शतकातील अरबी टोळ्यांच्या समाजात ह्या गोष्टी लहान नव्हत्या. आजही मशिदीतील रांगेत, जिला सफ म्हणतात तिच्यात, मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यास कोणी हरकत घेत नाही. ज्या देशात देवळाचे दार उघडण्यासाठी काळाराम मंदिरापुढे वर्षानुवर्षे सत्याग्रह करावा लागला, त्या देशात सफेचे हे मोल कमी लेखता येणार नाही.

पण रांग संपून माणसे घरी परतली की प्रश्न सुरू होतो. नमाजात शेजारी उभ्या राहिलेल्या दोघांची मुले एकमेकांशी लग्न करू शकतील काय? येथे शिकवणीची जागा धर्मशास्त्र घेते. विवाहात वर वधूच्या बरोबरीचा असावा, ह्या तत्त्वाला ‘कफाअत’ म्हणतात आणि अशा बरोबरीच्या वराला ‘कुफू’. बरोबरी कशात पाहावी ह्याविषयी सर्व पंथांचे एकमत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. इमाम मालिक यांच्या परंपरेत मुख्यतः धर्मनिष्ठा पाहिली जाते. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिने मात्र वंश, स्वातंत्र्य, धर्मनिष्ठा, संपत्ती आणि धंदा असे बरोबरीचे अनेक निकष सांगितले. कोकणातील मुसलमान शाफई परंपरेचे. तीतही वंश आणि धंदा पाहिला जातो. हनफी ग्रंथकारांनी विणकर, चर्मकार, झाडूवाला हे अत्तर विकणाऱ्याच्या किंवा कापड विकणाऱ्याच्या बरोबरीचे नाहीत असे लिहून ठेवले. म्हणजे कापड विणणारा खालचा आणि तेच कापड विकणारा वरचा! श्रमाचे आणि व्यापाराचे हे मूल्यमापन कोणत्या वर्गाच्या दृष्टीने झाले असेल, हे समाजवादी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

ह्यात आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, अरबेतर मुसलमानांच्या बाबतीत ज्याचे वडील आणि आजोबा मुसलमान होते तो, आणि जो स्वतः नव्याने मुसलमान झाला तो, हे बरोबरीचे मानले गेले नाहीत. ज्या देशात बहुतेक मुसलमानांचे पूर्वज कधी ना कधी धर्म बदलून आले, तेथे ह्या नियमाचा रोख कोणाकडे वळणार हे स्पष्ट आहे. अरबस्तानातून किंवा मध्य आशियातून आल्याचा दावा करणारी घराणी वर राहिली आणि येथल्या मातीतली कारागीर कुळे खाली. दुसरी गोष्ट स्त्रीची. पुरुषाने ‘खालच्या’ घरची मुलगी केली तर ह्या नियमाने अडत नाही. पण सज्ञान मुलीने आपल्या पसंतीने ‘खालचा’ वर निवडला, तर तिच्या वलीला, म्हणजे पालकाला, हरकत घेता येते. स्मृतिग्रंथांतील अनुलोम-प्रतिलोमाचा नियम ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. जात आणि स्त्रीचे दुय्यमत्व हे दोन पिंजरे एकमेकांच्या आधाराने उभे असतात, असे डॉ. राममनोहर लोहिया सांगत आले. त्यांच्या त्या विवेचनाला धर्माची सीमा नाही.

हिंदुस्थानात हे शास्त्र आले आणि येथल्या जातिव्यवस्थेशी त्याचे सहज जुळले. चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने आपल्या ‘फतावा-ए-जहांदारी’ ह्या ग्रंथात राज्यकर्त्यांना सल्ला दिला की हीन कुळातल्यांना नमाज-रोज्याचे नियम शिकवावेत, त्यापुढचे लिहिणे-वाचणे शिकवू नये. शिकले तर ते अधिकाराच्या जागा मागतील ही त्याची भीती होती. महंमद तुघलकाने अशा काही लोकांना वर आणले म्हणून बरनीने त्याच्यावर केलेली चरफड प्रसिद्धच आहे. शूद्रातिशूद्रांच्या विद्येविषयी महात्मा फुल्यांनी जे निदान केले, त्याचा पुरावा त्यांच्या पाचशे वर्षे आधीच्या एका फारसी ग्रंथात असा पडलेला आहे.

वंशाचा हा अभिमान केवळ मनात राहणारा नव्हता. त्याला जमिनीचा आधार होता. मोगल अमलात ‘मदद-ए-मआश’ नावाची महसूलमाफीची इनामे दिली जात, ती प्रामुख्याने सय्यद, शेख, विद्वान आणि कुलीन घराण्यांना. १६९० मध्ये औरंगजेबाच्या फर्मानाने ही इनामे पूर्णपणे वंशपरंपरागत झाली. तेव्हापासून वंशावळ म्हणजे उत्पन्नाचा दस्तऐवजच झाला. वंशावळ खरी की रचलेली, ह्यापेक्षा ती मानली जाते की नाही ह्याला महत्त्व आले, आणि ती मानली जावी म्हणून सोयरिकीवर पहारा बसला. ह्याच घराण्यांच्या पुढच्या पिढ्यांनी कुराणाने मुलीला दिलेला जमिनीतला हिस्साही बहुतेक ठिकाणी रिवाजाच्या नावाखाली बुडवला. १९३७ चा शरियत कायदा झाला तेव्हा त्यातून शेतजमीन वगळण्यात आली. शेतीचा विषय प्रांतांकडे होता हे त्याचे कायदेशीर कारण. परंतु धर्मशास्त्राच्या एका अक्षरालाही हात लावू नये म्हणणाऱ्या जमीनदारांना ह्या वगळण्याचा त्रास झाला नाही, हेही तितकेच खरे. ज्या नियमाने मालमत्ता राखली जाते तो नियम शास्त्र म्हणून टिकला आणि ज्या नियमाने ती वाटली जाते तो रिवाजापुढे नमला.

१९०१ च्या जनगणनेच्या बंगालच्या अहवालात मुसलमानांचे तीन थर नोंदले आहेत: अश्रफ म्हणजे कुलीन, अजलाफ म्हणजे कारागीर व इतर खालचे, आणि अर्जल म्हणजे भंगीकाम यांसारखी कामे करणारे, ज्यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवीत नाहीत असे. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात ह्या नोंदीचा आधार घेतला. पुढे १९६० मध्ये घौस अन्सारी यांनी उत्तर प्रदेशातील मुसलमानांच्या जातींवर पुस्तक लिहिले आणि १९७३ मध्ये इम्तियाज अहमद यांनी निरनिराळ्या प्रांतांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. ह्या अभ्यासकांनी फरकही दाखवून दिला, आणि तो मान्य केला पाहिजे. मुसलमानांत मशीद सर्वांना खुली आहे, पौरोहित्य जन्माने ठरत नाही, आणि वर्णव्यवस्थेला हिंदू शास्त्रांत जशी थेट धर्माज्ञा सापडते तशी कुराणात सापडत नाही. परंतु बिरादरीबाहेर विवाह न करणे, धंदा जन्माने ठरणे, आणि अगदी तळच्या थराशी अन्नपाण्याचा भेद पाळणे, ह्या गोष्टी दोन्हीकडे आहेत. २०१४-१५ मध्ये उत्तर प्रदेशातील चौदा जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. तीत दलित मुसलमानांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी वरच्या जातींच्या दफनभूमीत आपल्याला जागा मिळत नाही असे सांगितले. सफेत शेजारी उभा राहणारा माणूस मातीत शेजारी नको, असा त्याचा अर्थ.

येथवरचा इतिहास वरच्या थराने केलेल्या अर्थाचा. तोच संपूर्ण इतिहास समजणे हा अन्याय होईल. कारण त्याच वचनाचा दुसरा अर्थ खालून लावला गेला, आणि तो लावणारे विणकर, पिंजारी, खाटीक, न्हावी, शिंपी होते.

ह्या कारागिरांनी आधी आपली नावे बदलली. जुलाहे स्वतःला मोमीन, म्हणजे श्रद्धावान, म्हणवू लागले; आणि अन्सारी, म्हणजे मदिनेत पैगंबरांना आश्रय देणाऱ्यांचे वारस. शिंप्यांनी इद्रीस पैगंबरांशी नाते सांगितले आणि ते इद्रिसी झाले. न्हाव्यांनी सलमान फारसी यांच्याशी नाते जोडले आणि ते सलमानी झाले. कापूस पिंजणाऱ्यांनी सूफी मन्सूर अल-हल्लाज यांचे नाव घेतले. हल्लाज ह्या शब्दाचा अर्थच पिंजारी. खाटीक कुरेशी झाले, भाजीविक्रेते राईन झाले. ह्या नामांतराकडे हसून पाहणारे पुष्कळ भेटतात. त्यात वरच्यांची शिडी मान्य करून तिच्यावर चढण्याची धडपड आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यात आणखीही काही आहे. इद्रीस शिवणकाम करीत आणि हल्लाज पिंजारी होते असे सांगणारा माणूस आपल्या धंद्याला लाज मानण्याचे नाकारीत असतो. हाताने काम करणारा मनुष्य हीन, हा बरनीचा सिद्धान्त तो धर्माच्याच भाषेत खोडून काढतो.

काहींनी ह्याही पुढे जाऊन शिडीवरच प्रश्न केला. विणकरांच्या मऊ गावचे हदीस-पंडित मौलाना हबीबुर्रहमान आझमी यांनी वंश आणि कफाअत ह्यांचे शास्त्रातील स्थान काय, ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. ज्या विद्येपासून बरनीला विणकरांना दूर ठेवायचे होते, ती मिळवून विणकरांच्या गावच्या माणसाने शास्त्राला शास्त्रानेच उत्तर दिले. बिहारशरीफचे आसिम बिहारी यांनी विणकरांची संघटना उभारली. १९२८ मध्ये कलकत्त्यास तिचे अखिल भारतीय अधिवेशन भरले आणि मोमीन कॉन्फरन्स देशभर पोचली. पाकिस्तानचा ठराव लाहोरास झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात, १९४० च्या एप्रिलात, अल्लाबक्ष सुमरो यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरली, तीत मोमीन कॉन्फरन्स सामील होती. तिचे नेते अब्दुल कय्यूम अन्सारी यांनी फाळणीला शेवटपर्यंत विरोध केला. १९४६ च्या निवडणुकीत बिहारात मुस्लिम लीगच्या लाटेतही कॉन्फरन्सने काही जागा जिंकल्या आणि अन्सारी मंत्रिमंडळात गेले. त्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार नव्हता, हे येथे विसरू नये. मालमत्ता, कर आणि शिक्षण ह्यांच्या अटींमुळे बहुतेक विणकर, मजूर मतपेटीपर्यंत पोचूच शकले नाहीत. ‘मुसलमानांनी पाकिस्तान मागितले’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी कोणत्या मुसलमानांना मत होते हे आधी तपासावे.

महाराष्ट्रात ही परंपरा अनोळखी नाही. आपल्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदारांत मोजला जाई. तांबोळी, आतार, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी, छप्परबंद ही नावे कोणत्याही बाजारगावात ऐकू येतात. मालेगाव आणि भिवंडी येथे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिनांनी मागाचा धंदा उभा केला. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी ह्या जमातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळाव्यात म्हणून संघटना बांधली. दिलीपकुमार यांच्यासारखा लोकप्रिय नट तिच्या सभांना गेला. आणि ७ डिसेंबर १९९४ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यासंबंधी निर्णय काढला. त्यापूर्वी, १९७० मध्ये, हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून स्त्रियांच्या बाजूने समतेचा प्रश्न मांडलेला होता. दोन्ही चळवळींचे मार्ग निराळे होते. एकीने धर्माची चिकित्सा केली, दुसरीने धर्माला हात न लावता दाखला मागितला. पण ‘समता आहे’ हे उत्तर दोघींनाही ऐकून घ्यावे लागले.

आता सरकारच्या व्यासपीठाकडे येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज कोणालाही अनुसूचित जातीचा मानू नये असे ठरवले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराच्या खटल्यात सांगितले की, धर्मांतरानंतरही जातीची वंचना तितक्याच तीव्रतेने चालू राहते हे सिद्ध करावे लागेल. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात ह्याविषयीची याचिका आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला, त्याची मुदत पुढे वाढवण्यात आली. आणि नेमणुकीच्या दुसऱ्याच महिन्यात केंद्राने न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन ख्रिस्ती व इस्लामी समाजांत तशी वंचना नव्हती अशी भूमिका मांडली. त्याच वर्षीच्या जुलैत हैदराबादेस सत्ताधारी पक्षाच्या कार्यकारिणीत मागास मुसलमानांना जवळ करण्याची भाषा झाली होती. जुलैत ज्यांचे मागासपण दिसले, नोव्हेंबरात त्यांच्यातल्या सर्वांत मागासलेल्यांचे दुःख दिसेनासे झाले!

हा विपर्यास नीट समजून घेतला पाहिजे. धर्माने समता सांगितली आहे, म्हणून समाजात विषमता नाही. विषमता नाही, म्हणून उपाय नको. असा युक्तिवाद मान्य केला तर राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली आहे म्हणून हिंदू दलितांनाही राखीव जागा नकोत असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणाले तर आपण रस्त्यावर उतरू. मग तोच युक्तिवाद मुसलमान हलालखोराच्या बाबतीत आपण शांतपणे का ऐकतो?

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला मुसलमान नेत्यांचा: समाज आधीच वेढलेला असताना त्यात जातीची फूट पाडू नका. ह्या भीतीमागचे वास्तव खोटे नाही. परंतु वेढा पडला की त्याची झळ प्रथम कोणाला लागते? २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा अमलात आला, तेव्हा कुरेशी खाटकाचा, कातड्याच्या कामगाराचा आणि जनावरे वाहून नेणाऱ्याचा धंदा बुडाला. वाड्यातल्या कुलीनाचा नव्हे. जे प्रथम मार खातात त्यांनी स्वतःच्या नावाने बोलू नये, अशी एकजूट टिकाऊ नसते. शिवाय आकडे पाहावेत. बिहारच्या २०२३ च्या जातवार पाहणीत मुसलमान लोकसंख्येच्या १७.७० टक्के निघाले. त्यांत शेख ३.८२, पठाण ०.७५ आणि सय्यद ०.२३ टक्के, म्हणजे तिन्ही मिळून ४.८० टक्के. ढोबळमानाने शंभर मुसलमानांत सत्तावीस कुलीन आणि त्र्याहत्तर इतर. त्र्याहत्तरांनी बोलणे ही फूट, आणि सत्तावीसांनी सर्वांच्या वतीने बोलणे ही एकजूट, हा हिशेब कोणत्याही अंकगणितात बसत नाही.

दुसरा आक्षेप दलित चळवळीतल्या मित्रांचा: वाटेकरी वाढतील आणि जागा तेवढ्याच राहतील. हा आक्षेप पोटाचा आहे, त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. उत्तर असे की लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात जागाही वाढल्या पाहिजेत. महार-मांग-चांभाराच्या ताटातले काढून हलालखोराला देणे हा समाजवाद नव्हे. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा अडसर पुढे केला जाईल. १९९२ च्या निकालातली ती मर्यादा २०१९ च्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के जागा देताना ओलांडली गेली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. वरच्या जातींतील गरिबांसाठी जी मर्यादा वाकते, ती सर्वांत तळच्या माणसासाठी ताठ राहावी ह्याला न्याय म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच मनातला: दुसऱ्यांच्या धर्मात आपण कशाला पडावे? पडूच नये. कुराणाचा खरा अर्थ कोणता हे समाजवादी पक्षाने ठरवायचे नाही. तो वाद आझमींसारखे पंडित आणि पाटण्यात १९९८ मध्ये पसमांदा मुस्लिम महाज स्थापणारे अली अन्वर यांच्यासारखे कार्यकर्ते आपापल्या परीने चालवीत आले आहेत. पसमांदा म्हणजे मागे राहिलेले. हा शब्द त्यांनी स्वतः निवडला. आपले काम निराळे आहे. दाखला, जागा, मजुरी, दफनाची जमीन, प्रतिनिधित्व हे प्रश्न धर्माचे नसून राज्यव्यवस्थेचे आहेत, आणि त्यांत आपण तटस्थ राहू शकत नाही. साठ टक्के जागांची मागणी करताना लोहियांनी स्त्रिया, शूद्र, हरिजन, आदिवासी ह्यांच्या बरोबरीने अल्पसंख्याक धर्मांतील मागास जातींचाही समावेश केला होता. हे सूत्र आपल्याच पक्षपरंपरेचे आहे. ते आपण व्यवहारात किती पाळले, उमेदवारी देताना कोणत्या घराण्यांकडे पाहिले, ह्याचा हिशेब प्रत्येक जिल्हा शाखेने मांडावा.

एक सावधगिरीही राखावी लागेल. बिरादरी म्हणजे वर्ग नव्हे. भिवंडीत अन्सारी मागमालक आहे आणि त्याच्याच मागावर तुकड्यावर मजुरी घेणारा अन्सारीही आहे. सूत व्यापाऱ्याच्या उधारीत बुडालेला लहान मागवाला आणि तो व्यापारी एकाच बिरादरीचे असू शकतात. मागासपणाच्या दाखल्याचा लाभ बिरादरीतल्या सुस्थित घरांनीच घेतला आणि मजूर होता तेथेच राहिला, असे होऊ द्यायचे नसेल तर राखीव जागांच्या मागणीबरोबर किमान वेतन, कामगार विमा आणि सहकारी सूतपुरवठा ह्या मागण्या चालवाव्या लागतील. जातीचा प्रश्न सुटला की वर्गाचा आपोआप सुटतो, हा भ्रम त्याच्या उलट भ्रमाइतकाच घातक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे ठेवावीशी वाटतात. १९५० च्या आदेशातील तिसरा परिच्छेद रद्द करावा आणि त्याबरोबर अनुसूचित जातींच्या जागा वाढवाव्यात, ही मागणी दलित संघटना आणि पसमांदा संघटना ह्यांच्या संयुक्त व्यासपीठावरून मांडावी. जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्राने २०२५ च्या एप्रिलात जाहीर केला आहे. त्यासाठी मालेगाव, भिवंडी, जालना, सोलापूर अशा गावांतील वस्त्यांत जाऊन प्रत्येक कुटुंबाने आपली बिरादरी स्पष्ट नोंदवावी असा प्रचार करावा. ‘आम्ही फक्त मुसलमान’ असे सांगा, हा सल्ला त्यांना देणारे पुष्कळ असतील. त्या सल्ल्याने कोणाचे दाखले अडतात हे समजावून सांगावे. आणि आपल्या शिबिरांत ‘इस्लाममध्ये जातिभेद नाही’ हे वाक्य पुन्हा उच्चारले गेले, तर बोलणाऱ्याला तेथेच थांबवून विचारावे की हे वाक्य हलालखोराने सांगितले, की त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी?